कोलंबोचा ‘मर्डर बाय द बुक’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कुणी पाहुणा मुक्कामाला आला की मी त्याला ‘कोलंबो’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा हा भाग बघायला लावतो. मग आठवडाभराने प्रश्न यायला लागतात, आणि बहुतेक तेच ते असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवली. प्रश्न १ ते १२ भाग न बघताही निर्धास्त वाचा. १३ पासून पुढे शेवट फोडलेला आहे, तिथे आधी बघून मगच या.

१. कोलंबो म्हणजे श्रीलंकेचं कोलंबो का? शोधलं तर सारखी क्रिकेटची मैदानंच येतात.

नाही. देवनागरीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं, इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे. हा कोलंबो लॉस एंजेलिस पोलिसांच्या खून विभागातला लेफ्टनंट. चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, आणि दारापर्यंत जाऊन परत वळून ‘हां, अजून एकच विचारायचं राहिलं’ म्हणायची खोड. भूमिका पीटर फॉकची. लहानपणी आजारात त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता, त्यामुळे ती जरा तिरकी वाटणारी नजर अभिनयातून आलेली नाही. या भूमिकेसाठी त्याला टीव्हीचे चार एमी पुरस्कार मिळाले, पहिला 1972 साली.

२. हा मालिकेचा पहिला भाग आहे का?

हो आणि नाही. नियमित मालिका एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 15 सप्टेंबर 1971 ला सुरू झाली ती याच भागाने. पण त्याआधी दोन लांब चाचणीभाग झाले होते, एक फेब्रुवारी 1968 मध्ये आणि दुसरा मार्च 1971 मध्ये. आणखी मागे जायचं तर 1960 सालच्या एका दूरदर्शन-नाटकात हे पात्र वेगळ्याच नटाने केलेलं आहे. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत. 1968 चा कोलंबो केस विंचरलेला, बराच टापटीप आणि जरा धारदार आहे. आपला गबाळा इथे भेटतो.

३. गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल?

जिम फेरिस आणि केन फ्रँकलिन ही रहस्यकथा लिहिणारी जोडगोळी. ‘मिसेस मेलव्हिल’ नावाच्या गुप्तहेर बाईंवरची त्यांची पुस्तकं धो धो खपतात. मुखपृष्ठावर नावं दोघांची, पण लिहितो एकटा जिम. केन मुलाखती देतो, फोटोला उभा राहतो, पार्ट्यांमध्ये किस्से सांगतो आणि पैसे उडवतो. आता जिमला स्वतंत्रपणे, काहीतरी गंभीर लिहायचंय. म्हणजे केनची दुभती गाय निघाली. दोघांनी एकमेकांच्या नावे विमा उतरवून ठेवलेला आहे, तेव्हा जिवंत जिमपेक्षा मेलेला जिम फायद्याचा.

केन त्याला सॅन दिएगोजवळच्या आपल्या केबिनवर नेतो. तिथून जिमला बायकोला फोन लावायला सांगतो: ‘ऑफिसात आहे, उशीर होईल’ म्हण. जिम बोलत असतानाच केन गोळी घालतो. बायकोच्या कानावर आवाज पडतो, आणि तिच्या लेखी नवरा लॉस एंजेलिसच्या ऑफिसात मारला गेला. केन त्या वेळी तिथून दोन तासांच्या अंतरावर!

४. खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं. मग पुढचा तास-सव्वा तास बघायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि येतो तो भाग न बघितलेल्यांकडून. आपल्याला सवय ‘कोणी केलं’ची. कोलंबोत प्रश्न असतो ‘सापडणार कसा’. ही उलटी मांडणी जुनीच आहे, इंग्रज लेखक ऑस्टिन फ्रीमनने 1912 सालच्या कथांत ती वापरली होती. लेव्हिन्सन आणि लिंक या कोलंबोच्या निर्मात्यांनी ती टीव्हीवर पक्की केली.

मांजर उंदराशी खेळतं तेव्हा शेवट काय होणार हे कुणाला ठाऊक नसतं? तरी बघणारा हलत नाही. इथे गंमत अशी की बराच वेळ उंदराला वाटत असतं, मांजर आपणच आहोत.

५. नावाचा नेमका अर्थ काय?

इंग्रजीत ‘बाय द बुक’ म्हणजे नियमाला धरून, आपण ‘पोथीप्रमाणे’ म्हणतो तसं. शिवाय हा पुस्तकं लिहिणाऱ्यांमधला खून. तिसरा अर्थही आहे, पण तो प्रश्न १४ मध्ये.

६. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग म्हणजे तोच का? आणि ते बघून कळतं का?

तोच. वय 24, युनिव्हर्सल स्टुडिओचा पगारी दिग्दर्शक, टीव्हीच्या भागांवर हात बसवत होता. त्याचा ‘ड्युएल’ हा टीव्ही-चित्रपट याच्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर 1971 मध्ये दाखवला गेला. ‘जॉज’ला अजून चार वर्षं होती.

कळतं का? पहिलं दीड मिनिट बघा. उंचावरून दिसणारा रस्ता, त्यावरून येणारी एक गाडी. रहदारीचा आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही. ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची खटखट. कॅमेरा मागे सरकतो तेव्हा कळतं की आपण हा रस्ता एका ऑफिसच्या खिडकीतून बघतोय आणि आत जिम टाइप करत बसलाय. गाडी इमारतीत शिरते, केन उतरतो, वर येतो, आणि खटखट चालूच. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना तो आवाज पाठ असेल: ओळ संपल्याची टिंग, कॅरेज ओढल्याची खर्र. एकजण काम करतोय, दुसरा त्याच्या मृत्यूकडे गाडी हाकत येतोय, आणि अजून कुणी एक शब्द बोललेलं नाही. 1971 सालच्या टीव्हीवर असं सहसा दिसत नसे. छायाचित्रण रसेल मेटीचं, ज्याला ‘स्पार्टाकस’साठी ऑस्कर मिळालं होतं. म्हणजे पोरसवदा दिग्दर्शक आणि मुरलेला कॅमेरामन.

अर्थात सगळं श्रेय स्पीलबर्गला देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: पटकथा स्टीव्हन बोच्को यांची आहे, हेही सांगत जा. पुढे ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ काढणारे तेच. लिहिणारा मागे आणि मिरवणारा पुढे, हाच तर या भागाचा विषय!

७. कोलंबो यायला एवढा उशीर का लागतो?

कारण आधी खून नीट बघून घ्यायचा असतो. तो येतो तोही दबक्या पावलांनी. जिमची बायको जोआना हादरून गेलेली आहे. पोलिसांची वर्दळ चालू आहे, आणि कुठूनसा एक विस्कटलेला माणूस तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो तिथला शिपाईच वाटेल.

मग तो तिला घरी सोडतो आणि तिच्या स्वयंपाकघरात शिरून ऑम्लेट करतो. आपल्याला स्वयंपाकातलं काही येत नाही, पण ऑम्लेट मात्र झकास जमतं, असं म्हणत. मला हा प्रसंग शेवटच्या उलगड्यापेक्षा जास्त आवडतो. अंडी फोडताना, भांडी शोधताना तो नवरा-बायकोबद्दल, केनबद्दल सहज विचारत जातो. ही चौकशी आहे की सांत्वन? दोन्ही. दुःखाच्या घरी शेजारची काकू पिठलं-भात घेऊन येते आणि जाताना सगळी बातमी घेऊन जाते, त्यातला प्रकार. फरक एवढाच की या काकूला खरोखर वाईट वाटलेलं आहे.

८. फोन ऑफिसातून नाही, परगावाहून आलाय, हे बायकोला कळलं कसं नाही?

तरुण मंडळींचा प्रश्न. नंबर दाखवणारे फोन तेव्हा नव्हते. पण खरा मुद्दा वेगळाच आहे.

आपल्याकडे ज्यांनी ट्रंक कॉल लावलेत त्यांना आठवेल: आधी नोंदवायचा, साधा की अर्जंट ते सांगायचं, ताटकळायचं, आणि मग ऑपरेटरबाई मध्ये येऊन ‘पुण्याहून कॉल आहे, बोला’ म्हणणार. अशा व्यवस्थेत केनचा बेत पहिल्याच वाक्याला बोंबलला असता. अमेरिकेत मात्र ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावायची सोय 1951 पासून पसरत गेली होती. आपल्याकडे एसटीडी 1960 ला कानपूर-लखनौपासून सुरू झाली, आणि गावोगाव पिवळे बूथ दिसायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. म्हणजे 1971 साली हा खून कॅलिफोर्नियात शक्य होता, सांगली-साताऱ्यात नव्हता.

९. कोलंबोला केनचा संशय पहिल्यांदा कशामुळे येतो?

दोन बारीक गोष्टींमुळे, आणि दोन्ही अगदी घरगुती आहेत.

एक. जोडीदाराचं काहीतरी भयंकर झालंय असं कळल्यावर केन सॅन दिएगोहून लॉस एंजेलिसला गाडी चालवत आला. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. विमान होतं, जिवाभावाचा मित्र असेल तर माणूस पहिलं विमान पकडतो. केनला का पकडता आलं नाही? कारण प्रेत गाडीच्या डिकीत होतं. ते त्याला आणावंच लागणार होतं.

दोन. स्वतःच्या हिरवळीवर मित्राचं प्रेत सापडलं, केनने पोलिसांना फोन केला, आणि तेवढ्या वेळात आलेली टपाल-बिलं उघडून बघितली. कोलंबो फाटलेली पाकिटं बघतो आणि काही बोलत नाही. घरात कुणी गेलेलं असताना लाइटबिल उघडून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मीही नाही.

(प्रेत आपल्याच दारात कशाला टाकलं, असंही विचारतात. जिम गुंडांच्या टोळ्यांवर पुस्तक लिहीत होता आणि त्यांनीच काटा काढला, अशी हूल केनला द्यायची असते. त्यासाठी तो खुनाआधीच ऑफिसात उलथापालथ करून नावांची एक यादी ठेवून येतो. प्रेत म्हणजे त्याला दिलेली ‘धमकी’.)

१०. केनचं काम करणारा नट दुसऱ्या भागातही खुनी म्हणून दिसला. चूक झाली का माझी?

नाही. जॅक कॅसिडी तीन वेगवेगळ्या भागांत तीन वेगवेगळे खुनी झाला आहे: इथे लेखक, 1974 च्या ‘पब्लिश ऑर पेरिश’मध्ये प्रकाशक, 1976 च्या ‘नाऊ यू सी हिम’मध्ये जादूगार. तिघंही देखणे, गुळगुळीत, स्वतःवर बेहद्द खूश. कॅसिडी मूळचा ब्रॉडवेच्या रंगभूमीवरचा, नाटकाचा टोनी पुरस्कार मिळवलेला, त्यामुळे त्याच्या चालण्यातही प्रेक्षक गृहीत धरलेला असतो. 1976 च्या डिसेंबरमध्ये घराला लागलेल्या आगीत तो गेला. कोलंबोसमोर त्याच्याइतका शोभणारा खलनायक मला तरी दुसरा सापडलेला नाही.

जिम झालेला मार्टिन मिलनर त्या काळी ‘अ‍ॅडम-12’ या गाजत असलेल्या मालिकेत पोलीस होता. रोजचा पोलीस इथे पहिल्या पंधरा मिनिटांत मेलेला बघून अमेरिकन प्रेक्षक दचकले असणार.

११. दुकानवाल्या लिलीचं काम केलेल्या बाई पुढे कशात दिसल्या?

बार्बरा कोल्बी. अजून बरंच करायचं होतं त्यांना. जुलै 1975 मध्ये लॉस एंजेलिसमध्येच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. मारेकरी आजवर सापडलेले नाहीत. हे माहीत झाल्यावर त्यांचे प्रसंग पहिल्यासारखे बघता येत नाहीत, म्हणून मी कुणाला आधी सांगत नाही. तुम्ही विचारलंत.

१२. यात कुत्रा नाही, कोलंबोचं पाळण्यातलं नावही नाही. मी कापलेली प्रत बघितली का?

नाही, तुमची प्रत पूर्ण आहे. तो सुस्त बॅसेट कुत्रा दुसऱ्या हंगामात, 1972 ला आला. (बुडापेस्टला फॉकचा कोलंबोच्या वेषातला पुतळा आहे, त्यात कुत्रासुद्धा आहे.) आणि पहिलं नाव कोलंबो कधीच सांगत नाही. मुलांबरोबर बघता येईल का, हेही इथेच उरकतो: हो. रक्त नाही, शिवीगाळ नाही, फक्त दुसरा खून लहानांना जरा जड जाईल.

*इथून पुढे शेवट फोडलेला आहे.*

१३. एवढा थंड डोक्याचा माणूस दुसरा खून करायला का जातो?

कारण पहिल्यात एक फट राहिली. केबिनकडे जाताना केन लिलीच्या दुकानापाशी थांबतो, तिथून जोआनाला फोन करतो, आणि गाडीत बसलेला जिम लिलीच्या नजरेस पडतो. नंतर ती केनला गाठते आणि पंधरा हजार डॉलर मागते. मागते कशी ते बघण्यासारखं आहे. दमदाटी नाही, उलट लाडिक. एकटी बाई, मोठ्या लेखकाची ओळख, पैशाबरोबर थोडी सोबतही मिळाली तर हवीच आहे. केन शॅम्पेन घेऊन तिच्याकडे जातो, बाटलीनेच तिला मारतो आणि तळ्यात बुडाल्याचा देखावा करतो.

हा खून घाईचा आहे आणि खुणा जागोजागी आहेत. शॅम्पेनचं बूच घरात राहिलं. केनने सही करून दिलेलं पुस्तक राहिलं. बँकेतून पंधरा हजार काढले ते तिच्या मृत्यूनंतर परत भरले. पहिला खून करणारा आणि दुसरा करणारा एकच माणूस आहे हे पटू नये, इतका फरक. आणि कोलंबोला नेमकं तेच खटकतं.

१४. शेवटी कोलंबो दाखवतो तो कागद म्हणजे नेमकं काय?

जिमला सुचेल ते मिळेल त्या चिटोऱ्यावर टिपून ठेवायची सवय. कोलंबो त्याची कागदपत्रं उपसतो आणि त्यात एका कथेचा आराखडा मिळतो: अ ला ब चा खून करायचाय, अ त्याला लांबच्या घरी नेतो, बायकोला फोन करायला लावतो, ‘ऑफिसात आहे’ म्हणायला लावतो, ठो. जे घडलं ते जसंच्या तसं, खुद्द मेलेल्याच्या शब्दांत.

नावाचा तिसरा अर्थ हा. खून खरोखरच पुस्तकासाठी लिहिलेला होता, छापून तेवढा आला नव्हता.

१५. पण हा कोर्टात टिकेल का? माझे वकील मित्र हसले.

हसू देत, त्यांचं बरोबर आहे. कथेचा आराखडा म्हणजे पुरावा नव्हे. बचावाचा वकील म्हणेल, जिमच्या कागदात होता म्हणजे तो कुणीही वाचला असेल. विमान न पकडणं आणि बिलं फोडणं (प्रश्न ९) हे गुन्हे नाहीत. बूच, पुस्तक आणि बँकेची नोंद (प्रश्न १३) लिलीच्या बाबतीत जरा वजनदार, पण त्यातून जिमच्या खुनापर्यंत पूल बांधायला बराच घाम गाळावा लागेल. केन गप्प बसला असता तर सुटला असता, निदान पहिल्या खुनातून.

कोलंबोच्या उत्तम शेवटांच्या यादीत मी हा घालणार नाही. तिथे खुनी स्वतःच्या हाताने पुरावा आणून देतो, इथे तसा सापळा नाही. अमेरिकेच्या टीव्ही गाइडने 1997 साली सर्वकाळच्या शंभर भागांत याला सोळावा नंबर दिला तो या शेवटासाठी नसावा.

१६. मग केन कबूल का होतो? हे पटकथेचं लंगडेपण नाही का?

मीही बरीच वर्षं तसंच म्हणायचो. चौथ्यांदा बघितल्यावर मत बदललं.

कोलंबो केनला काय म्हणतो ते नीट ऐका. पुराव्याची धमकी तो फारशी देत नाही. तो म्हणतो, दुसरा खून गबाळा होता आणि पहिला इतका हुशारीचा, की तो तुमचा असेल हे मला पटेना. म्हणजे खुनाचा आळ तर घातलाच, वर त्याचं श्रेय काढून घेऊन जिमला दिलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या लिखाणावर आपलं नाव मिरवलं, त्याला हे सोसत नाही. केन सांगून टाकतो की ती कल्पना माझीच होती. मला सुचलेली एकमेव चांगली कल्पना. पाच वर्षांपूर्वी जिमला सांगितली होती, तो येडा ती लिहून ठेवेल हे कुणाला वाटलं होतं?

हे बोलताना कॅसिडीचा चेहरा बघा. पश्चात्ताप नाही, भीतीही फार नाही. उलट थोडं बरं वाटलेलं आहे.

१७. म्हणजे त्या खुनाचा लेखक कोण ठरला, केन की जिम?

यावर आमच्याकडे चहा दोनदा झालेला आहे. कल्पना केनची. पण कागदावर नसती तर केन सुटला असता, आणि कागदावर आणली ती जिमने. माझं मत जिमच्या बाजूने, कारण त्याने टिपून ठेवली. बायको म्हणते, सुचली त्याची. इथे आणखी एक सांगण्यासारखं: कोलंबोचे निर्माते लेव्हिन्सन आणि लिंक हे स्वतः शाळेपासूनचे मित्र, फिलाडेल्फियाचे, आणि 1987 साली लेव्हिन्सन जाईपर्यंत जोडीनेच लिहीत राहिले. मालिकेच्या पहिल्याच नियमित भागात लेखकांच्या जोडीतल्या एकाने दुसऱ्याला मारावं, याला त्यांची हरकत नव्हती.

१८. हा आवडला. आता पुढचा कुठला बघू?

कॅसिडीसाठी ‘नाऊ यू सी हिम’. लेखक-प्रकाशक भानगडी अजून हव्या असतील तर ‘पब्लिश ऑर पेरिश’, त्यात मिकी स्पिलेन हा खराखुरा रहस्यकथालेखक मरायला येतो. खुन्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं असेल तर 1973 चा ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’, डोनल्ड प्लेझन्सचा. स्पीलबर्गने कोलंबोचा दुसरा भाग केला नाही, पण 1974 च्या ‘माइंड ओव्हर मेहेम’मध्ये एक अतिहुशार पोरगा आहे, त्याचं नाव ऐकताना कान टवकारा: स्टीव्हन स्पेलबर्ग.